आत्याबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या

आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. मी मरणार होते, ते राहून गेलं. आता मी भाताच्या रोवणीला जाते, बांधावर बसून चार बायकांसोबत पाचवीची उणीदुणी काढते, आणि अंग इतकं भरलंय की जुने ब्लाउज पेटीत तसेच पडून आहेत.

हे मी एका बाईसाठी लिहिते आहे. ती कोण, मला माहीत नाही. तिला आजच कुणीतरी खुर्चीवर बसवून हळू आवाजात सांगितलं असेल की तुला एचआयव्ही आहे, आणि ती आता बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून विचार करत असेल, घरी काय सांगू. बाई, हे वाचायला तुला बसचा प्रवास पुरेल.

माझं माहेर आमगावचं, गोंदिया जिल्ह्यातलं. म्हणून शाळा मराठीत झाली आणि लिहिता येतं. सासर मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात, वारासिवनीहून कटंगीकडे जाताना आत वळल्यावर. इथे घरात आमची मराठी, आणि शाळेत, बाजारात, मोबाईलवर हिंदी. सुनेला इथे तिच्या माहेरच्या गावानं हाक मारतात, त्यामुळे लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी ‘आमगाववाली’. माझं नाव निर्मला आहे हे मीही विसरत चालले होते.

घरात दोघीच. मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. माझा नवरा धनराज नागपूरला बांधकामावर जायचा. एका हिवाळ्यात खोकत घरी आला, तो परत गेलाच नाही. मोठ्या दवाखान्याचं नाव काढलं की चिडायचा. गावोगाव फिरणाऱ्या डॉक्टरकडून सुया टोचून घेतल्या, आणि गेला. टीबीच असणार, असं सगळे म्हणाले. आत्याबाईंनीही तेच धरून ठेवलं.

आम्हाला मूल नव्हतं. तेरवी झाल्यावर माझी नणंद मंदा आईला म्हणाली, "आई, शेत बटईनं देऊन टाक अन् माह्याकडे वारासिवनीले ये राहाले. भाभी जाईन आमगावले." माझ्या माहेरी भाऊ-भावजय आहेत. चांगले आहेत. चार दिवसांसाठी तर फारच चांगले आहेत. आत्याबाई नुसतं "पाहू" म्हणाल्या. त्या ‘पाहू’वर माझं सगळं घर उभं होतं, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

चपला

पुढच्या वर्षी मला ताप यायला लागला. यायचा, जायचा, पुन्हा यायचा. तोंडात पांढरं यायचं, घास उतरायचा नाही. मग कमरेला नागीण उठली. गावातल्या म्हाताऱ्या बाबांनी गेरू लावून मंतरलं. नागीण सुकली, पण मी काही सुधरेना. पाटावरून उठताना भिंत धरावी लागायची.

"असं नाई चालत," आत्याबाई म्हणाल्या. "बालाघाटले जा, मोठ्या दवाखान्यात दाखव. अन् येताना माह्यासाठी चपला आनजो, ह्या तुटल्या."

म्हशीपायी दोघींना एकदम घर सोडता येत नव्हतं. म्हणून मी एकटीच गेले.

तिथे रक्त घेतलं, बसवून ठेवलं, मग एका खोलीत बोलावलं. समोरच्या मॅडम वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी दार लावलं, पाणी दिलं आणि सांगितलं. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मलाच त्यांची कीव आली. मी म्हणाले, "असू दे मॅडम, असू दे." म्हणजे जणू त्यांच्या हातून माझा कप फुटला होता. नंतर त्या बरंच बोलल्या, औषध आहे म्हणाल्या, रोज घ्यायचं म्हणाल्या, त्यातलं मला काहीही आठवत नाही. धनराजच्या टीबीचा अर्थ मात्र तिथेच, त्या खुर्चीवर कळला. त्याचा राग यायला हवा होता. मला तो खोकत अंगणात बसलेला दिसत होता, आणि राग काही येईना.

बाहेर पडले ती थेट चपलांच्या दुकानात गेले. का, ते विचारू नका. तेवढं एकच काम मला जमण्यासारखं होतं. दुकानदारानं नंबर विचारला. मी म्हणाले, द्या कोणताही.

घरी आत्याबाईंनी चपला पायात घातल्या आणि खाली पाहत राहिल्या. "कोनाच्या पायाच्या आनल्या व ह्या? पाय सरकून राह्यला अंदर." मग म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हने?"

"रक्त कमी हाय म्हने."

"मंग खात जा ना बाई."

चपला परत करायला बालाघाटला कोण जाणार? त्याच त्यांनी वापरल्या. घरात, अंगणात, गोठ्यात, फटक फटक आवाज करत. मी कुठेही असले तरी त्या कुठे आहेत हे मला कळायचं.

वेगळी ताटली

पहिले काही महिने मी आजारानं नाही, भीतीनं अर्धी झाले. वांगी चिरताना बोट कापलं तर सगळी भाजी म्हशीपुढे टाकली. माझी ताटली वेगळी ठेवली, पेला वेगळा ठेवला. आत्याबाईंनी विचारलं तेव्हा तोंड आलंय म्हणून सांगितलं. बालाघाटच्या मॅडमनी पुढच्या खेपेला नीट समजावलं की जेवणानं, शिवल्यानं, एका हंड्यातलं पाणी प्यायल्यानं हे होत नसतं. कळत होतं हो. पण डोक्याला कळून भागत नाही, हाताला कळायला वेळ लागतो.

औषध सुरू झालं तेव्हा सुरुवातीला सकाळी मळमळायचं. विधवा बाई न्हाणीत ओकाऱ्या काढते म्हटल्यावर गल्ली गप्प बसेल का? शेजारच्या यमुनाबाई कुंपणावरून डोकावल्या. "आमगाववाली सकाळी-सकाळी उलट्या करून राह्यली. काय गोठ हाय?"

आत्याबाई शेण काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काल माह्या हातचं खाल्लं तिनं. तू बी ये जेवाले, तुले बी होईन."

यमुनाबाईंचं डोकं कुंपणाखाली गेलं. मी न्हाणीतच तोंडाला पदर लावून हसले. कितीतरी दिवसांनी हसले होते.

बालाघाटच्या खेपा सुरू झाल्या. आधी वारासिवनी, मग दुसरी बस. तिथे रांग, वजन, परत रांग. सगळ्या बायांची तोंडं ओढणीत. आम्ही एकमेकींना ओढणीवरून ओळखायचो. एक उकव्याकडची बाई होती, नवरा मॅंगनीजच्या खाणीत. ती घरून भुईमुगाच्या शेंगा आणायची आणि अर्ध्या माझ्या पदरात ओतायची. नाव तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिनंच मला शिकवलं, "बाटलीत कापूस ठुसजो. नाई तं खुळखुळ वाजते, सारं घर विचारते."

घरी मला दर खेपेला नवं खोटं शोधावं लागायचं. बँकेत काम आहे, गोंदियाची मावशी आजारी आहे, पेन्शनचं पाहायचं आहे. खोटं बोलण्यात मी हुशार नाही. एकाच मावशीला मी इतकं आजारी पाडलं की शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "बिचारी सुटली तं बरं."

आणि बाटली? बाटली मी चिन्नोरच्या पिप्यात ठेवली.

चिन्नोर आमच्या भागातला वासाचा तांदूळ. बारीक, पांढराशुभ्र. एका घरी शिजला की वास चार घरं सोडून जातो. घरच्या माणसांसाठी तो कुणी शिजवत नाही. थोडासा पिकवायचा, पिप्यात भरायचा आणि पाव्हण्यांसाठी राखायचा. आमच्याकडे धनराज गेल्यापासून सण नाही, पाव्हणे नाहीत. म्हणजे त्या पिप्याला हात लावायचं कुणालाच काही कारण नव्हतं. तांदळात बाटली वाजत नाही, ओल लागत नाही. मी स्वतःलाच शाबासकी दिली. कापूससुद्धा काढून टाकला.

जवळचा दवाखाना

तब्येत सुधरली. रक्त तपासून बालाघाटचे डॉक्टर म्हणाले की विषाणू आता सापडत नाही इतका दबलाय. मग म्हणाले, तुम्हाला दर वेळी इथवर यायची गरज नाही. तुमच्या जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टर शिकून आल्यात. त्याच तपासतील, त्याच औषध देतील, अडलं तर मला फोन करतील. इथे वर्षाकाठी कधी बोलावलं तर या.

उकव्याच्या बाईला तिच्या बाजूचा दवाखाना मिळाला. ती इतकी खूश झाली की उरलेल्या सगळ्या शेंगा मला देऊन टाकल्या.

मी मात्र घाबरले. दूर होतं तेच बरं होतं. बालाघाटला मला ओळखतं कोण? जवळच्या दवाखान्यात आमचं अख्खं गाव जातं. कुणाची पाळी, कुणाचं बीपी, कुणाच्या पोराचा जुलाब. आणि सिस्टर म्हणजे कुणाची तरी सून, कुणाची तरी मावसबहीण असणारच. एका लग्नात गोष्ट निघाली की संपलं. मंदाच्या कानावर गेली की आत्याबाईंचं ‘पाहू’ही संपलं. मी गपचूप बालाघाटलाच जात राहिले.

मग रोवणी आली. पाऊस असा लागला की नाल्यावरून पाणी, बस बंद. पिप्यात हात घालून बाटली हलवली तर ती हलकी झाली होती. गोळी चुकवायची नाही एवढं डोक्यात पक्कं बसलेलं. शेवटी चिखलाच्या पायांनी, कमरेला खोचलेल्या लुगड्यानं, रोवणीतूनच उठून जवळच्या दवाखान्यात गेले.

बाहेर एचआयव्हीची पाटी दिसली तर परत फिरायची तयारी ठेवली होती. पण तसली पाटीच नव्हती. सरोज सिस्टर ज्या खोलीत बसायच्या तिच्या दाराबाहेर बीपीवाले, शुगरवाले, फिटवाले, सगळे एकाच बाकावर होते. ज्याला रोज गोळी घ्यावी लागते तो त्या बाकावर. बाजूला आमच्याच गावचे गुरुजी शुगरची गोळी न्यायला आलेले. त्यांनी मला विचारलं, "तुला बी शुगर?" मी म्हणाले, "हौ ना गुरुजी." तर ते मला कारल्याचा रस कसा काढायचा ते सांगत बसले.

आत गेले. सिस्टर बैहरकडच्या. मराठी कळते, बोलतात हिंदीच. त्यांनी दार लोटलं, नाव विचारून बालाघाटहून आलेल्या यादीत शोधलं आणि म्हणाल्या, "आइए निर्मला दीदी."

सासरच्या घरात मला नावानं कुणी हाक मारली नव्हती, गावातही नव्हती. मी तिथेच रडायला लागले. सिस्टरनी रडू दिलं. मग वजन केलं, नखं पाहिली, जीभ पाहिली, खोकला आहे का विचारलं, झोप कशी लागते विचारलं. गोळी कधी घेता, कुठे ठेवता, घरात कुणाला माहीत आहे? मी म्हणाले, कुणालाच नाही. त्या म्हणाल्या, "ठीक है. वो आपका फैसला है. पर अकेले ढोओगी तो थकोगी."

निघताना आणखी एक बोलल्या. "बाहर कहीं मिले तो मैं आपको पहचानूँगी नहीं. बुरा मत मानना."

पुढच्याच आठवडी बाजारात त्या दिसल्या. मी हसले. त्या माझ्या शेजारी उभ्या राहून वांगी निवडत होत्या आणि माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सांगितलं होतं तरी मला असा राग आला म्हणून सांगू! घरी येईपर्यंत फणफणत होते. मग पायऱ्यांवर पिशवी ठेवली आणि कळलं की ह्या बाईनं आत्ताच माझं घर वाचवलं.

त्यानंतर मी बालाघाटची वारी सोडली. मावशीही बरी झाली.

मंडई

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते. आज ह्या गावची, उद्या त्या गावची. पाळणे, जिलेबीची दुकानं, दंडारीचे तमाशगीर, आणि घरोघर पाव्हणे. ज्या गावची मंडई त्या गावच्या लेकी-जावयांना त्या दिवशी आणायचंच असतं. धनराज गेल्यापासून आमच्याकडे कुणी आलं नव्हतं. त्या वर्षी आत्याबाई म्हणाल्या, "आता पुरे झालं. मंदाले बोलाव. जवाईले बी."

जावई वारासिवनीत औषधाच्या दुकानात कामाला आहेत, हे ध्यानात ठेवा.

मी सकाळपासून चुलीपाशी. मटनाचा रस्सा चढवलेला, उडदाचे वडे तळत होते. घरात हसणं-बोलणं ऐकून इतकं बरं वाटत होतं की बाटलीची आठवणही नव्हती. पाव्हणे आले की चिन्नोर निघतो, हे मला ठाऊक नव्हतं का? माझ्याच हातांनी मी दर वर्षी काढत आले होते. पण आजारपणात तो पिपा माझ्या लेखी तांदळाचा राहिलाच नव्हता.

"भाभी, तू तळ. तांदूळ मी काढतो," मंदा म्हणाली.

झाकण उघडल्याचा आवाज आला आणि माझ्या हातातला झारा तेलात पडला. मी वळले तोवर मंदाच्या हातात बाटली होती. तांदळाचे दाणे चिकटलेली, पांढरी, मोठी. दारात जावई, शेजारच्या यमुनाबाई, आणखी दोन बाया.

"हे काय व आई? चिन्नोरात गोल्या?"

आत्याबाईंनी बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा झाला होता मला माहीत नाही, पण त्यांनी तो नीट पाहिला.

"माह्या गुडघ्याच्या हाय," त्या म्हणाल्या. "ठेव तिथं."

"तांदळात काहून ठेवल्या?"

"बाहेर उंदीर नेते."

मंदा हसली. "पाहू, कोनती कंपनीची हाय. ह्याईले दाखवतो, ह्याईच्या दुकानात सस्ती भेटंन." आणि तिनं बाटली जावयाकडे करायला हात लांब केला.

आत्याबाई गुडघेदुखीवाल्या बाईनं उठू नये इतक्या चटकन उठल्या. मधूनच बाटली घेतली. "थांब, माह्या गोलीचा टाइम झाला," म्हणत झाकण फिरवलं, एक गोळी तळहातावर घेतली, आणि सगळ्यांच्या देखत तांब्यातल्या पाण्यासोबत गिळली. मोठी होती, एका घोटात गेली नाही. दुसरा घोट घेतला. तोंड पुसलं. बाटली कमरेला खोचली.

"पाहून काय राह्यल्या? वडे करपून राह्यले."

दिवसभर ती बाटली त्यांच्या कमरेला होती. त्यांनी जावयाला भात वाढला, खुळखुळ. मंदाला रस्सा वाढला, खुळखुळ. फटक फटक चपला आणि खुळखुळ गोळ्या. मी माजघरात उभी राहून देवाला म्हणत होते, म्हातारीला काही होऊ देऊ नको.

मंदा आणि जावई संध्याकाळी मंडई पाहून वारासिवनीला परत गेले. आत्याबाईंनी माझ्यासमोर बाटली ठेवली. मला वाटलं, आता विचारतील. त्या म्हणाल्या, "माह्याच्यानं एक खाल्ल्या गेली. तुले कमी पडंन ना व?"

मी त्यांच्या पायांशी बसले आणि हुंदके देऊन रडले. "तुमाले काय माहीत ते कायच्या हाय? काहून खाल्ली?"

"तू चिन्नोरात लपवली म्हंजे लपवाचीच असंन," त्या म्हणाल्या. "बाकी मले काय समजते."

तवा तू कोठी होती

दुसऱ्या दिवशी म्हैस यमुनाबाईंकडे सोपवून दोघी दवाखान्यात गेलो. गुडघ्यासाठी, असं यमुनाबाईंना सांगितलं. त्या एका गोळीनं आत्याबाईंना काय होईल ह्या काळजीनं मी रात्रभर कूस बदलत होते.

सिस्टरनी सगळं ऐकलं आणि हसू दाबत आत्याबाईंचं बीपी पाहिलं. बालाघाटच्या डॉक्टरांना फोनही लावला. एका गोळीनं काही होत नाही, पुन्हा मात्र घेऊ नका, एवढंच निघालं. मग आत्याबाईंना खुर्चीवर बसवून त्यांनी मला खोलीच्या कोपऱ्यात नेलं. "बताना है? आप बताओगी, या मैं? या कोई नहीं?"

मी म्हणाले, "मी सांगते."

सांगताना मी आत्याबाईंच्या चपलांकडे पाहत होते. शब्द फार लागले नाहीत. त्या तो आजार ऐकून होत्या. भिंतीवरच्या जाहिराती, गावातल्या कुजबुजी, एवढ्यावर माणूस जेवढं ऐकतो तेवढं. सिस्टरनी मग शांतपणे समजावलं. एका ताटात जेवलं तरी लागत नाही, औषध चालू आहे तोवर ही तुमच्या-माझ्यासारखीच जगेल, तिच्या रक्तात तो आता सापडतही नाही.

आत्याबाईंनी पदर डोक्यावर नीट ओढला. मग विचारलं, "माह्या धनराजले बी हेच होतं?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आत्याबाईंना तेवढं पुरलं.

"अन् हे गोली त्याले भेटली असती तं?"

"शायद बच जाते, अम्मा."

"मंग तवा तू कोठी होती, बाई?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. दूध नासलं तर विचारतात तसं विचारलं. सिस्टर त्यांच्यापुढे खाली बसल्या, त्यांचे हात धरले आणि म्हणाल्या, "तब ये कमरा नहीं था, अम्मा. अब है." सिस्टरच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

घरी येताना आत्याबाई माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिल्या. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. कितीतरी दिवस तसंच चाललं. काम करायच्या, जेवायच्या, पण चपला घालायच्या नाहीत. अनवाणी फिरायच्या, त्यामुळे त्या कुठे आहेत ते मला कळायचं नाही. मला वाटलं, ह्या बाईच्या मनातून मी उतरले. मी गुपचूप एक पिशवी भरून ठेवली, आमगावसाठी. आज कळतं, त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या. त्या पोराला दुसऱ्यांदा पोचवत होत्या. पहिल्यांदा टीबीनं नेला होता, ते त्यांना देवाची मर्जी म्हणून सोसता आलं होतं. आता त्यांना एक गोळी गिळून ठाऊक झालं होतं की तो वाचला असता.

पाहू

अशातच मंदा आली. ह्या वेळी ठरवूनच आली होती.

"आई, मंडईत पाह्यलं मी. तुले गुडघ्याच्या गोल्या लागते अन् मले माहीत बी नाई. आता नाई ऐकत. तू माह्याकडे चाल. शेत बटईनं देऊ. भाभी आमगावले जाईन, तिचे भाऊ हाय."

मी दारामागे उभी. पिशवी भरलेलीच होती. आत्याबाई आता ‘पाहू’ म्हणणार नाहीत, हे मला नक्की वाटत होतं.

आत्याबाईंनी लसूण सोलता सोलता मान वर केली. "नाई येत मी."

"काहून पन?"

"माह्या गोल्या इथंच भेटते."

"वारासिवनीत का गोल्या नाई भेटत? ह्याईचं दुकानच हाय!"

"ह्या नाई भेटत. ह्या फकत इथली सिस्टर देते. अन् त्या सिस्टरपाशी मले आमगाववालीच नेते. तिच्याशिवाय मी जात नाई." लसणाच्या साली झटकून त्या उठल्या. "ते जाईन आमगावले, तं मी का गोल्याशिवाय मरू?"

 मंदा चहा पिऊन गेली. मी आत जाऊन पिशवी रिकामी केली, आणि वेगळी ताटली उचलून बाकीच्यांत मिसळून टाकली.

आता बाटली चिन्नोरात नसते. देवळीत, लेबल खरवडून, आत्याबाईंच्या चष्म्याशेजारी असते, सगळ्यांना दिसेल अशी. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की म्हातारीला गुडघ्याच्या महागड्या गोळ्या चालू आहेत आणि सून मोठ्या मायेनं तिला दवाखान्यात नेते. गुरुजींनी त्यांनाही कारल्याचा रस सांगितला. बाई, तू घरी सांगावंस की नाही, ते तुझं तू ठरव. तुझं घर मला माहीत नाही, आणि सगळ्यांनाच आत्याबाई मिळत नाहीत. पण गोळी सोडू नकोस, आणि पाव्हण्यांच्या तांदळात ठेवू नकोस.

काल संध्याकाळी यमुनाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. मी गोठ्यात दूध काढत होते. अंगणातून फटक फटक आवाज आला, आणि आत्याबाई हातात तांब्या घेऊन, यमुनाबाईंच्या देखत, मोठ्यानं ओरडल्या, "काहून व निर्मला, माही गोली खाल्ली का तू?"